लागल्यासारखंच

तेइजीमामाला एकच शब्द ऐकायचा होता. ‘लागलं.’ एवढाच. जोनो गुरुजींच्या तोंडून, एकदा, सगळ्यांसमोर. बायको नको, बढती नको, नवी गाडी नको, फक्त ‘लागलं’. आणि तो शब्द वीसेक वर्षं त्याच्या कानापाशी येऊन परत जात होता. का जात होता ते आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. मामालाही माहीत होतं. हेच तर डोकं फिरवणारं आहे!

नीट सांगते.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वस्तीच्या हॉलमध्ये त्सुबावाल्यांची बैठक असते. तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसते ती लोखंडाची चकती म्हणजे त्सुबा. तळहातावर मावणारी, मधे पात्यासाठी भोक, आणि उरलेल्या लोखंडातून कुणी सारस कापून काढलाय, कुणी फांदी, कुणी नुसत्याच रेघा. तलवारी गेल्या, मुठी कुजल्या, चकत्या राहिल्या. गुरुजी तशा पाच चकत्या जांभळ्या कापडावर मांडतात. नाव नाही, गाव नाही. आपण गुडघ्यांवर बसायचं, वाकून नमस्कार करायचा, कडेला धरून उचलायची, तोंड बंद ठेवायचं (श्वासाची वाफ लोखंडाला चालत नाही), आणि कुठल्या घराण्याची ते चिठ्ठीवर लिहून गुरुजींना द्यायचं. मग ते कानात चारपैकी एक उत्तर देतात. ‘लागलं.’ ‘लागल्यासारखंच.’ ‘वाट बरोबर.’ नाहीतर ‘नाही.’

‘लागल्यासारखंच’ कधी, तर काम शिष्याचं असेल आणि तुम्ही त्याच्या गुरूचं घराणं लिहिलंत तर. गुण पूर्ण मिळतात, खेळ तिथं संपतो. ‘वाट बरोबर’ म्हणजे प्रांत बरोबर, घर चुकलं. ‘नाही’ म्हणजे नाही. एका त्सुबाला तीन चिठ्ठ्या.

गुरुजी कानात सांगतात खरं, पण त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांची कुजबुज बाहेर सायकल लावणाऱ्यालाही कळते. सगळे न ऐकल्याचं दाखवतात.

आणि मामाला वीस वर्षं काय मिळालं? वाट बरोबर, वाट बरोबर, नाही, वाट बरोबर.

त्याला कळत नाही असं अजिबात नाही. उलट! त्सुबा हातात घेतली की पहिल्या क्षणी त्याच्या ओठांवर जे नाव येतं ना, ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मी बाजूला बसून कितीदा पाहिलंय. ओठ हलतात. मग तो थांबतो. डोळे बारीक करतो. आणि त्याच्या डोक्यातला परीक्षक जागा होतो.

कारण मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परीक्षक आहे. बाजूच्या सीटवर पाटी घेऊन बसायचं आणि लोकांना नापास करायचं, हा त्याचा धंदा. अर्ध्या वस्तीला त्यानं नापास केलंय. ओगाताकाकूंना तर इतक्यांदा की त्यांनी शेवटी सायकल घेतली, आणि त्याही त्सुबाच्या बैठकीला येतात, आणि मामाला ‘नाही’ ऐकू आलं की दरवेळी मागून म्हणतात, “अरेरे तेइजीसान, आरशात बघायचं राहिलं वाटतं!”

तर परीक्षक काय म्हणतो? परीक्षक म्हणतो, इतकं सरळ कसं असेल? एकदा एदोच्या, म्हणजे तिकडे लांब जुन्या राजधानीच्या, आकासाका घराण्याची चकती आली. मामाचे ओठ म्हणाले, आकासाका. मग गाडीत मला सांगतो कसा, “ती जरा जास्तच आकासाका दिसत होती गं कोतो. म्हणून मला वाटलं, आपल्या हिगोच्याच कुणीतरी नक्कल केली असणार.”

हिगो म्हणजे आमच्या कुमामोतोचं जुनं नाव. मामाचं चाललं असतं तर त्यानं सूर्यसुद्धा हिगोचाच म्हणून लिहून दिला असता.

“मग मिळालं काय?”

“नाही मिळालं.”

“गुरुजी काय म्हणाले?”

“तेच म्हणाले. ‘नाही.’”

मला असं झालं होतं की स्टिअरिंग उपटून त्याच्या डोक्यात घालावं.

हो, बैठकीला मी त्याला नेते. परीक्षक स्वतः गाडी चालवत नाही त्या दिवशी. “मन ठिकाणावर नसेल तर चावीला हात लावू नये,” हा त्याचा नियम. आणि मी चालवते तेव्हा पूर्ण वेळ त्याचा उजवा पाय खाली नसलेला ब्रेक दाबत असतो.

या वर्षी वसंतात बातमी आली की गुरुजी ओसाकाला मुलाकडे राहायला चाललेत, कायमचे. त्यांच्याशिवाय बैठक घेणार कोण? पाच चकत्या ओळखून मांडणारा दुसरा माणूसच नाही आमच्याकडे. म्हणजे जूनची बैठक शेवटची. मामानं ते ऐकलं आणि ताटातला मोहरी भरलेला कमळकाकडीचा तुकडा उचलला, परत ठेवला, परत उचलला. आई म्हणाली, “दादा, अजून एक संधी आहे ना.” तर हा म्हणतो, “संधी आहे की. वीस वर्षं संधीच आहे.”

मग मी त्याला वचनात अडकवलं. चक्क करंगळीत करंगळी घालून, लहान मुलांसारखं.

“मामा, यावेळी पहिलं जे येईल ते लिहायचं. पहिलं! विचार नाही करायचा.”

“विचार न करता लिहायचं म्हणजे काय लॉटरी आहे का?”

“तुझा हात विचार करतो. तू मधे बोलू नकोस त्याच्या.”

हे त्याला आवडलं. हसला नाही, पण आवडलं. त्या आठवड्यात रोज रात्री जेवण झालं की आमची उजळणी चालायची. त्याच्याकडे खऱ्या चकत्या नाहीतच, एकसुद्धा नाही. तो योकानवर शिकवतो. योकान, म्हणजे घट्ट, काळपट, गोड घेवड्याची वडी.

“हे बघ. हायाशी आणि कामियोशी, दोन्ही आपल्या हिगोचीच घराणी. नक्षी तीच, सारस तोच. कामियोशी हायाशींकडेच शिकले ना. मग फरक कशात?” त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, जरा वेळ जिभेवर धरला आणि चक्क बाहेर काढून बशीत ठेवला.

“शी, मामा!”

“शी काय, बघ. कोपरे गेले. पाण्यानं घासल्यासारखं मऊ झालं. हे हायाशींचं लोखंड. आणि हा,” सुरीनं कापलेला ताजा तुकडा दाखवत, “हा कामियोशी. कोपरा कसा आहे? बोटाला कळतो. हात लावला की सांगतो, मी इथं आहे.”

आई म्हणाली, “तो चघळलेला तुकडा आता कोण खाणार ते आधी सांग.”

“तू खा. तुझ्यापायीच तर आपल्या घरातला सारस गेला.”

हा त्याचा जुना टोमणा. आमच्या घरात एक त्सुबा होती. आजोबांची. गोलात पंख पसरलेला सारस. आईच्या वेळी आजीचं बाळंतपण अडलं, बाहेर वादळ, रस्ते बंद, आणि तरी डॉक्टर चालत आले. आई वाचली, आजी वाचली. आजोबांनी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कापडात गुंडाळून डॉक्टरांना दिली. मामा तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्यानं ती त्सुबा त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विहिरीच्या दगडावर पाडून तिच्या कडेला खोक पाडली होती. त्याबद्दल खाल्लेली थप्पड त्याला अजून आठवते. त्सुबा परत कुणी पाहिली नाही. आणि आजोबा मरेपर्यंत, साकेचे दोन पेले पोटात गेले की, सांगायचे, “हायाशी होती ती. अस्सल हायाशी. तसला सारस परत होणे नाही.”

आमच्याकडे सगळ्यांच्याच गेलेल्या वस्तू हायाशींच्या असतात, तो भाग वेगळा.

तर शेवटचा रविवार. चिकट उकाडा, हॉलमधला पंखा एकाच बाजूला मान वळवून अडकलेला. ओगाताकाकूंनी रताळ्याचे गरम गोळे आणले होते, पण मामा त्यांना शिवलासुद्धा नाही. पहिली चकती उचलली. ओठ हलले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळे वटारले, त्यानं पटकन लिहिलं आणि दिलं.

“नाही,” गुरुजी कुजबुजले. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

मामा माझ्याकडे असा बघतो जसं काही मीच त्याचा हात धरून लिहवून घेतलं होतं. पुढच्या दोन चिठ्ठ्याही फुकट गेल्या. ठीक आहे, एक चुकली. दुसरीला वाट बरोबर. तिसरीला परत वाट बरोबर.  पहिलं मनात आलेलं लिही, ही माझी आयडिया होती ना. म्हणजे मीच त्याचा शेवटचा दिवस घालवला? मागून ओगाताकाकू, “तेइजीसान, आज फार स्पीडमध्ये आहात हं! दंड होईल!” सगळे हसले. मामाही हसल्यासारखं करतो अशा वेळी. मला ते बघवत नाही.

चौथ्या चकतीपाशी गेला, नमस्कार केला, उचलली, आणि थांबला.

म्हणजे थांबलाच. ओठ हलले, एकदाच. आणि मग त्याचा अंगठा कडेवरून सरकत सरकत खाली गेला आणि एका जागी टेकला. त्यानं चकती जरा उजेडाकडे वळवली. मला बाजूनं दिसलं. गोलात पंख पसरलेला सारस.

मामानं ती खाली ठेवली. इतकी हळू की कापडसुद्धा हललं नाही. चिठ्ठी न लिहिता उठला आणि गुरुजींसमोर जाऊन बसला.

“गुरुजी, ही मला भेटलेली आहे.”

हा पण एक नियम आहे. आधी पाहिलेली चकती समोर आली तर तसं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. ओळखीच्या वस्तूवर चिठ्ठी टाकणं म्हणजे चोरी. कुणी पकडत नाही, कुणाला कळतही नाही, तरी.

आणि मी? मला ओरडावंसं वाटत होतं. अरे मामा, लिही ना! शेवटचा दिवस आहे, कुणाला माहीत आहे? आजोबांची आहे, डॉक्टरांच्या घरून आली असेल, असू दे, लिही!

“हं?” गुरुजींनी कानामागे हात धरला.

“भेटलेली आहे! आमच्या घरात होती. ही खोक मी पाडलेली.”

अख्खा हॉल मान वर करून बघायला लागला. ओगाताकाकूसुद्धा.

गुरुजींनी कानामागचा हात खाली घेतला. “डॉक्टरांच्या सुनेनं दिली मला, आजच्यापुरती. बरं. मग हिचं नाव तुला कुणी सांगितलं?”

“वडिलांनी.”

“आणि त्यांना कुणी सांगितलं?”

 “साकेनं, बहुतेक.”

हॉल फुटला हसून. गुरुजीही हसले, खांदे हलवत, आवाज न करता. “मग तुला खोक माहीत आहे. नाव माहीत नाही. जा, लिही.”

मला वाटलं मी आता रडणार. म्हणजे झालंच ना! आत्ता तर झालंच! मामा परत गेला, बसला, परत उचलली. अंगठा आतल्या कापाच्या कडेवरून फिरवला, पंखाच्या टोकाशी, जिथं लोखंड सगळ्यात बारीक आहे तिथं. मी तोंडावर हात धरून बसले होते. यावेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठी घेतली, पेन्सिल ओली केली, लिहिलं. घडी घातली. एवढ्या सावकाश घडी घातली की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुजींनी चिठ्ठी उघडली. मामाकडे पाहिलं. परत चिठ्ठीकडे. मग पुढे वाकून, अगदी त्याच्या कानाशी, आणि यावेळी खरंच हळू म्हणाले. मी पहिल्या रांगेत सरकले होते म्हणून मला ऐकू आलं.

“लागल्यासारखंच.”

मामानं जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला आणि उठला. खेळ संपला. उरलेल्या दोन चिठ्ठ्या चालत नाहीत. पाचव्या चकतीला त्यानं हातच लावला नाही. ओगाताकाकूंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, पूर्ण गुण ना, वीस वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी रताळ्याचा गोळा त्याच्या हातात कोंबला. “खा आता, मेल्या. पास झालास!” मामानं खाल्ला. सगळ्यांना वाटलं आनंदानं बोलता येत नाहीये.

गाडीत बसेपर्यंत मी धीर धरला. सीटबेल्ट लावेपर्यंत. आरसा नीट करेपर्यंत, कारण तो बघत होता.

“काय लिहिलंस?”

“हायाशी.”

“आणि ती कुणाची होती?”

“लागल्यासारखंच म्हणाले म्हणजे शिष्याची. कामियोशी.”

“ते मला कळतंय मामा! ओठ काय म्हणाले होते तुझे? पहिल्यांदा उचललीस तेव्हा?”

तो खिडकीबाहेर बघतोय. बाहेर काय, पाणी भरलेली भातखाचरं आणि दुरुस्तीच्या पिंजऱ्यातला किल्ला लांब.

“मामा!”

“कोपरा बोटाला बोचला,” तो म्हणाला. “पंखाच्या टोकाशी. इतका स्पष्ट. खोक नंतर सापडली, आधी तो कोपरा. ताजा कापलेला योकान.”

“म्हणजे कामियोशी! म्हणजे तुला माहीत होतं! तू म्हणाला होतास ओठांनी, मी बघितलं, तू कामियोशी म्हणालास! मग लिहिलं का नाहीस? तुझ्या त्या परीक्षकाला आज तरी घरी ठेवायचं होतंस ना! वचन दिलं होतंस मला!”

“परीक्षक नव्हता आज.”

“मग कोण होतं?”

“बाबा होते.” मग खिडकीकडेच बघत, “एवढ्या लोकांसमोर मी कसं लिहू गं, की माझ्या बाबांना कळत नव्हतं? त्यांनी आयुष्यात एकच चांगली वस्तू कुणाला तरी दिली. हायाशी म्हणून दिली.”

“पण कामियोशी काही वाईट असते का?”

“नाही. उत्तम असते.”

“मग!”

“हायाशी म्हणून दिली,” तो परत म्हणाला.

काय बोलणार अशा माणसाला? मला इतका राग आला, इतका, आणि रागात रडूही यायला लागलं. आजोबा आता नाहीत, त्यांना काय कळणार? डॉक्टर नाहीत. गुरुजी चाललेत. त्या हॉलमध्ये आता बहुतेक हुला-डान्सचा क्लास सुरू होईल. वीस वर्षं एक शब्द, आणि तो हातात आलेला, बोटाला बोचलेला! आणि यानं तो एका मेलेल्या माणसाला देऊन टाकला, ज्याला त्यात फरक कळतसुद्धा नव्हता.

“परत मागशील का डॉक्टरांच्या सुनेकडे? निदान एकदा बघायला तरी?”

“दिलेली वस्तू परत मागतात होय? मग तेही तुझ्या आईला परत मागतील.”

ह्याला विनोद सुचतोय! मी नाक ओढत गाडी चालवत होते. देवळापाशी थांबा-रेषा आहे, तीच, जिथं ड्रायव्हिंग स्कूलच्या टेस्टमध्ये मी नापास झाले होते. मामानं नाही, त्याच्या मित्रानं केलं होतं, पण घरी आल्यावर मामानंच जेवताना शेरा वाचून दाखवला होता, ‘पूर्ण थांबली नाही, थांबल्यासारखं केलं.’ तर त्या रेषेवर मी ब्रेक मारला, चाकं जराशी हळू झाली, आणि मी पुढे काढली.

“थांबली नाहीस.”

“थांबल्यासारखं केलं ना!” मी ओरडले. “पूर्ण गुण!”

 मी बघितलं तर मामाचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय, आणि बघते तर हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बोटांनी मांडीवर गोल काढतोय, अंगठा एका जागी परत परत टेकवतोय. मग हसणं हळूहळू बंद झालं, पण अंगठा तिथंच राहिला.

“कामियोशी,” तो म्हणाला. मोठ्यानं. खिडकीकडे तोंड करून, भातखाचराला सांगितल्यासारखं.

मी गाडी कडेला घेतली. नाक पुसलं. आणि गुरुजींसारखी मान पुढे काढून, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, “लागलं.”

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. वीस वर्षं लोकांना नापास केलेली ती नजर.

“तू कोण गं सांगणारी?” तो म्हणाला. “गाडी मागे घे. रेषेवर नीट थांब.”